द्रोणागिरी उचलावा की संजीवनी शोधावी?

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये, निबंध लिहिले ते सगळे इंग्लिशमध्ये. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. पण विषय सोडवत नव्हता. दर वर्षी एफईची नवीन बॅच आली की कॅन्टीनमध्ये तोच प्रश्न ऐकू येतो, "मोठा स्वस्तातला लॅपटॉप घेऊ, की छोटा हलका पण महाग?" आणि सीनियर्स उत्तर काय देतात? जो स्वतःकडे आहे तोच घे म्हणतात! मी २०२३ मध्ये चुकीचा घेतला आणि दोन वर्षं ती चूक पाठीवर वाहिली, अगदी अक्षरशः. त्यामुळे या विषयावर बोलायचा मला थोडा तरी हक्क आहे.

मी राहते द्रोणागिरीला. उरणच्या अलीकडचं सिडकोचं नोड. एकीकडे जेएनपीटीचे कंटेनर, दुसरीकडे करंजा आणि डोंगर. या डोंगराची गोष्ट आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असते. लक्ष्मणासाठी संजीवनी आणायला मारुती गेला, नेमकी वनस्पती ओळखता येईना, म्हणून त्याने अख्खा पर्वतच उचलला, आणि जाता जाता त्याचा एक तुकडा इथे पडला. खरं-खोटं मारुतीलाच ठाऊक. पण मोठा लॅपटॉप घेताना मी नेमकं हेच केलं होतं. मला काय लागणार ते ओळखता येईना, म्हणून सगळंच असलेला उचलला. फरक एवढाच की मारुतीच्या अंगात ताकद होती, आणि त्याला एकदाच न्यायचा होता.

तर झालं असं. ३ ऑगस्ट २०२३ ला, गुरुवारी, केंद्र सरकारने जाहीर केलं की लॅपटॉप आयात करायला आता परवाना लागेल. लगेच लागू. बाबा आमच्या इथल्याच एका सीएफएसमध्ये टॅली क्लार्क आहेत. सीएफएस म्हणजे कंटेनर भरायची-उतरवायची जागा, द्रोणागिरीत त्या पावलोपावली आहेत. त्यामुळे आयातीची बातमी आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी पोचते. दुसऱ्याच दिवशी सरकारने तो निर्णय ऑक्टोबरअखेरपर्यंत पुढे ढकलला, आणि नंतर परवान्याऐवजी ऑनलाइन परवानगीची साधी पद्धत आली. पण हे 'पुढे ढकललं' आमच्या डोक्यात शिरायच्या आत आम्ही शनिवारी दुकानात उभे होतो. दुकानदार म्हणाला, "सोमवारपासून भाव वाढणार." बाबांनी माझ्याकडे बघितलं. घरात स्पेसिफिकेशनचं इंग्लिश मलाच येतं ना! मी ऐटीत दोन्ही बॉक्स वाचले आणि १५.६ इंची मोठा, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला, ५२ हजारांचा लॅपटॉप निवडला. शेजारी १४ इंची हलका होता, ७५ च्या पुढे. मला तो शुद्ध फसवणूक वाटला. छोटी स्क्रीन, ग्राफिक्स कार्ड नाही, आणि वर २३ हजार जास्त?

आता इथे थांबून अभ्यासाचं बोलू. कमी मिळतं आणि पैसे जास्त, असं का? कारण बॉक्सवर जे छापतात ते मोजायला सोपं असतं, आणि हलक्या लॅपटॉपचे पैसे ज्यात जातात ते बॉक्सवर नीट दिसतच नाही.

पहिलं म्हणजे उष्णता. प्रोसेसरच्या नावात शेवटी एक अक्षर असतं, तिकडे कुणी बघत नाही. इंटेलच्या बाराव्या पिढीत आय-फाइव्ह १२३५यू आणि आय-फाइव्ह १२४५०एच असे दोन भाऊ आहेत. आडनाव एकच, आय-फाइव्ह. पण 'यू'ची मूळ पॉवर १५ वॅट आणि 'एच'ची ४५ वॅट. थोडा वेळ दोघंही त्याच्या वर जातात, ते सोडा. ४५ वॅटची उष्णता बाहेर काढायला जाड तांब्याच्या नळ्या, मोठे पंखे आणि हवेला जागा लागते. जागा असेल तर हे काम स्वस्तात होतं, म्हणून मोठा लॅपटॉप स्वस्त पडतो. तेच पातळ डब्यात करायचं तर प्रत्येक मिलिमीटरसाठी डोकं आणि पैसा खर्च होतो. प्लास्टिकऐवजी अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचं मिश्रण वापरतात, कारण पातळ प्लास्टिक वाकतं. मेकॅनिकलवाल्यांना हे सांगायला नको.

दुसरं बॅटरी. मला वाटायचं मोठ्या लॅपटॉपमध्ये मोठी बॅटरी असणार. स्वस्त मॉडेलमध्ये उलटंच निघतं बऱ्याचदा! डबा मोठा, पण आत बॅटरी ४५-५० वॅट-अवरची, कारण पैसे वाचवायची ती सोपी जागा. गणित पाचवीतल्या मुलाला जमेल असं आहे: वॅट-अवर भागिले सरासरी वॅट, उत्तर तास. माझा लॅपटॉप ४८ वॅट-अवरचा. साधं टायपिंग करतानाही सरासरी २० वॅट खायचा, म्हणजे दोन तास चोवीस मिनिटं. हलक्यात ६० वॅट-अवर असतील आणि तो ८ वॅटवर चालत असेल तर साडेसात तास. कंपनी जाहिरातीत किती तास म्हणते ते सोडून द्या, वॅट-अवर विचारा. दुकानदार सांगत नसेल तर कंपनीच्या माहितीत बघा, तो आकडा बहुधा तिथे असतो. आणि बॅटरी लवकर संपते म्हणजे चार्जर न्यावा लागतो. माझा चार्जर ही एक वेगळीच वीट होती. सॉकेट शोधणे हा तर लेक्चर हॉलमधला एक वेगळा खेळ, मागच्या भिंतीला दोन, त्यातला एक बंद.

तिसरं स्क्रीन, आणि इथे मी सगळ्यात जास्त फसले. १५.६ इंच हा कर्ण असतो. पायथागोरस लावा. १६:९ प्रमाणाची ही स्क्रीन ३४.५ सेंमी रुंद आणि १९.४ सेंमी उंच. हल्लीची १४ इंची बहुधा १६:१० असते: ३०.२ सेंमी रुंद, १८.८ सेंमी उंच. म्हणजे उंचीत फरक फक्त अर्ध्या सेंटीमीटरचा! आणि ओळी मोजल्या तर मोठ्या स्क्रीनवर उभे १०८० पिक्सेल, छोटीवर १२००. रिपोर्ट वाचताना, कोड लिहिताना छोटीवर जास्त ओळी दिसतात. अर्थात अक्षरं बारीक दिसणार, चष्मा असेल तर दुकानातच बसून वाचून बघा. शिवाय स्वस्त मोठ्या स्क्रीनवर बारीक अक्षरात '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं सापडतं. त्याचा अर्थ रंग फिके. उजेडात नीट दिसायला ३०० निट्स तरी हवेत, माझा २५० चा होता. ट्रेनच्या खिडकीशी बसलं की स्क्रीनमध्ये फक्त माझाच चेहरा.

थोडा इतिहास, कारण तो मजेशीर आहे. १९८१ मध्ये ऑस्बोर्न-१ नावाचा 'पोर्टेबल' कॉम्प्युटर आला. वजन सुमारे ११ किलो, स्क्रीन ५ इंच, किंमत १७९५ डॉलर. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सने कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. वजन १.३६ किलो, किंमत १७९९ डॉलर. सत्तावीस वर्षं, किंमत चार डॉलरने वर, वजन साडेनऊ किलोने खाली. (महागाई धरली तर खूपच स्वस्त झाला म्हणायचा.) आणि तेव्हाही लोक हेच म्हणाले, एवढ्या पैशात एवढंच?

असो. माझ्याकडे वळते. घरी आणला तेव्हा सगळे खूश. आईने हळदी-कुंकू लावलं. कॉलेज सुरू झालं आणि मी तो रोज न्यायला लागले. तेव्हा आमच्याकडे लोकल नव्हती, बस होती, आणि बसमध्ये उभं राहायचं. १२ जानेवारी २०२४ ला खारकोपर ते उरण गाडी सुरू झाली, तेव्हा वाटलं आता सुटलो. पण या लाइनवर गाड्या कमी, एक चुकली की प्लॅटफॉर्मवर बसा. नेरूळला उतरून गर्दीची हार्बर पकडायची, आणि तिथे नशिबात असलीच तर चौथी सीट. चौथ्या सीटवर ज्यांनी प्रवास केलाय त्यांना सांगायला नको की तिथे छत्तीस सेंमी रुंदीची वस्तू उघडणं म्हणजे शेजारच्या मावशींशी भांडण. हिशोबाने सांगते, एफईच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये मी लॅपटॉप एकोणीस दिवस नेला. विसाव्या दिवसापासून तो घरीच राहिला.

एसईला मी कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये गेले, डिझाइन ग्रुपला. टीम संध्याकाळी पाच ते आठ वर्कशॉपमध्ये बसायची. जुलैतला एक दिवस, धो धो पाऊस, लॅपटॉप अर्थातच घरी. पुढच्या चाकाचं अपराइट मी काढलेलं. सीनियर म्हणाला, विशबोन घासतोय, चार मिलिमीटर बदल आत्ता करून दे, उद्या सकाळी पार्ट मशीनिंगला द्यायचाय. तुम्ही म्हणाल, फाइल ड्राइव्हवर नव्हती का? होती ना! लॅबच्या कॉम्प्युटरवर उतरवलीसुद्धा. पण लॅबमधलं सॉलिडवर्क्स माझ्यापेक्षा जुन्या सालचं, आणि नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुनीत सरळ उघडत नाही. मी म्हटलं, रात्री घरी जाऊन पाठवते. पाठवली, अकरा वाजता. तोवर दुसऱ्या मुलाने आपल्या लॅपटॉपवर पार्ट पहिल्यापासून काढून दिला होता. पुढच्या आठवड्यात यादी लागली, माझं नाव डॉक्युमेंटेशनला. 'तुझं इंग्लिश चांगलं आहे.' त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पाच वाजता जो हजर असतो त्याच्याकडेच काम जातं. पण त्या रात्री मी सॉलिडवर्क्ससाठी घेतलेल्या, ग्राफिक्स कार्डवाल्या त्या लॅपटॉपकडे बघत बसले होते. ताकद भरपूर होती त्याच्यात. फक्त तो द्रोणागिरीत होता आणि काम कॉलेजात.

त्यानंतर मी एक उद्योग केला, तो तुम्हीही करा. दोन आठवडे वहीत लिहिलं: आज लॅपटॉप किती तास वापरला, कुठे, आणि कुठे हवा होता पण नव्हता. उत्तर आलं, रोज सरासरी दोन तास, सगळे घरी. हवा होता पण नव्हता, असे आणखी दोन तास: लायब्ररी, वर्कशॉप, लेक्चरच्या मधली सुट्टी, नेरूळचा प्लॅटफॉर्म. मग ताशी भाडं काढलं. वर्षाला २५० दिवस, चार वर्षं, रोज २ तास म्हणजे २००० तास. ५२ हजार भागिले २००० म्हणजे २६ रुपये तास. ७८ हजारांचा हलका घेतला असता आणि रोज ४ तास वापरला असता तर ४००० तास, साडेएकोणीस रुपये. स्वस्त कोणता? (त्यातले किती तास अभ्यास आणि किती सिरियल, हे सूत्रात बसत नाही. ते ज्याचं त्याने बघावं.)

आता हलक्याची बाजू फार झाली, त्याचे अवगुण पण सांगते, नाहीतर मीही कॅन्टीनमधली सीनियर ठरेन. हलक्यात रॅम बहुतेक वेळा बोर्डालाच सोल्डर केलेली असते. घेताना ८ जीबी घेतली तर चार वर्षं ८ जीबीच. म्हणून १६ च्या खाली घेऊच नका, हे मी कुणाच्याही पाया पडून सांगीन. मोठ्यात दोन स्लॉट असतात, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि पंधरा मिनिटं. दुसरं, मोठी असेंब्ली फिरवायची, अ‍ॅन्सिसमध्ये बारीक मेश चालवायचा, तर पातळ लॅपटॉप दहा मिनिटं जोरात पळतो आणि मग तापून आपला वेग स्वतःच कमी करतो. दोष नाही तो, रचनाच तशी. मॅक घ्यायचा विचार असेल तर मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी आधी आपली सॉफ्टवेअर त्यावर चालतात का ते बघावं, सॉलिडवर्क्स विंडोजसाठी आहे. एक्सेलमध्ये आकडे भरणाऱ्याला बाजूचा नंबर पॅड मोठ्यावरच मिळतो. आणि दुरुस्ती! पातळ लॅपटॉपची स्क्रीन फुटली तर जो आकडा सांगतात त्यात कधीकधी जुना लॅपटॉप येतो.

म्हणून मी कुणालाच 'हलका घे' असं सरसकट सांगत नाही. गेल्या वर्षी हाच प्रश्न घरातच आला. ऑगस्ट २०२५ मध्ये धाकट्या भावाला लोणेऱ्याला अ‍ॅडमिशन मिळाली, कॉम्प्युटरला. हॉस्टेलवर राहणार. बाबांनी सांगितलं, या वर्षी घरात एकच लॅपटॉप येईल, जास्तीत जास्त ८० हजार, त्यातले निम्मे हप्त्याने. भावाला नवीन गेमिंगचा हवा होता. मी म्हटलं, तू माझा घे, मला हलका घेऊ दे. तो भडकला, "ताई, तुझा जुना मला आणि नवीन तुला? हे कुठलं शास्त्र?" यात माझा स्वार्थ होता, नाकारत नाही.

भांडण बाबांनी मिटवलं, तेही त्यांच्या पद्धतीने. आईचं माहेर करंजाचं, घरी सुकी मासळी मोजायचा हुकाचा काटा आहे. बाबांनी माझी कॉलेजची बॅग त्याला टांगली: ६ किलो ७००. मग एकेक काढायला लावलं. लॅपटॉप २ किलो ३२०, चार्जर ४८० ग्रॅम, बाकी डबा, पाणी, जर्नल, रिकामी बॅग. बाबा म्हणाले, "टेअर किती आणि माल किती?" त्यांच्या कामात हा रोजचा प्रश्न. वीस फुटी रिकामा डबाच सव्वादोन टनांच्या आसपास असतो, आणि १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरचं वजन आधी पडताळून कळवावं लागतं. डब्याचं वजन बोटीवर सहज जातं, पण ट्रकवाल्याला विचारा, तो किलो किलो मोजतो, असं ते म्हणाले. मग भावाला विचारलं, "हॉस्टेलपासून तुझा वर्ग किती लांब?" तो म्हणाला, चालत जायचं. "मग तुझा लॅपटॉप बोटीवर. हिचा ट्रकवर."

भाऊ गप्प झाला, पण फुकट नाही. त्याच्या अटी: मी माझ्या पैशातून ८ जीबीची आणखी एक रॅम टाकून द्यायची, आतली धूळ साफ करून थर्मल पेस्ट बदलायची, आणि कीबोर्डवरचे माझे स्टिकर काढायचे. ट्यूशनच्या पैशातून रॅम आणली. बरं झालं तेव्हाच आणली, कारण २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे काही चढले की विचारू नका. दोन कांड्या झाल्यामुळे ड्युअल चॅनल मिळाला, तो वेगळा फायदा. त्याच्यासाठी ताशी भाडं मोजलं: हॉस्टेलवर रोज पाच तास धरले तर चार वर्षांत ५००० तास. नवीन घेतला असता आणि ५२ हजार दिले असते, तरी दहा रुपये चाळीस पैसे तास. मला सव्वीस रुपये तासाने पडलेली तीच वस्तू! लॅपटॉप बदलला नाही, फक्त टेबल बदललं.

माझा दसऱ्याला आला. १४ इंची, १६ जीबी, ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर, जो फोनलाही चालतो. चार्जरसकट १ किलो ४५०. ग्राफिक्स कार्ड नाही. मोठी असेंब्ली अजूनही त्यावर रडते, ती मी लॅबच्या मशीनवर उघडते. त्यासाठी यंदा लॅब असिस्टंटना विनंती करून दोन्हीकडे एकाच सालचं सॉलिडवर्क्स करून घेतलं. जानेवारीत टीमच्या डिझाइन ग्रुपला पुन्हा नाव दिलंय. मुलाखतीत सीनियरने पहिला प्रश्न विचारला, "लॅपटॉप आहे का?" मी म्हटलं, आहे. "कुठे?" मी बॅग पुढे केली.

घेणाऱ्यांसाठी एकच घाईची सूचना: दुकानात 'सोमवारपासून भाव वाढणार' असं कुणी म्हणालं तर मंगळवारी जा. दोन आठवड्यांची वही आधी भरा. वही भरायला लॅपटॉप नसेल तर फोन किंवा लॅबचे तास लिहा, चालतं.

परवा लोणेऱ्याहून भावाचा फोन आला. पंख्याचा आवाज एवढा येतो की रूममेट त्याला 'एसटी' म्हणतो, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री सगळा मजला त्याच्याच टेबलाभोवती बसून प्रोग्राम चालवत होता. मी विचारलं, ऑगस्टपासून टेबलावरून किती वेळा उचललास? तो म्हणाला, "एकदा. खाली झुरळ निघालं होतं."